पौड : रस्त्याचे नाव, गावाचे नाव

पुण्यात राहणाऱ्याला पौड प्रथम भेटते ते फाट्याच्या आणि रस्त्याच्या नावात. ज्या गावाकडे हा रस्ता जातो, त्या गावाचा विचार मी कित्येक वर्षे केला नव्हता. तो करावा लागला सातबाऱ्याच्या निमित्ताने. वडिलांच्या नावावरचा मुळशी तालुक्यातला जमिनीचा लहानसा तुकडा विकायचे घाटत होते.

चांदणी चौक ओलांडल्यावर भूगाव, पिरंगुट, घोटावडे फाटा मागे टाकत पौड येते. मुळशी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीतल्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या रानातले विंझाई देवीचे देऊळ. या दोन्हींमधल्या महसुली कारभाराचे केंद्र हे पौड. शिवकाळात या मुलखाला पौड खोरे म्हणत. खोरे म्हणजे नदीने आखून दिलेला प्रदेश. वतने, देशमुख्या, गावांच्या शिवा सारे त्या पाण्याच्या धाकात वसलेले. कारभार नदीचे ऐकत होता.

विसाव्या शतकात हे नाते उलटले. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले. मुळेचा स्वभाव पूर्वेकडे, भीमेला मिळण्याचा; धरणाने तिचे पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवले आणि त्यातून मुंबईसाठी वीज निघाली. त्याविरुद्ध 1921 ते 1924 या काळात मावळ्यांनी सत्याग्रह केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. लढा हरला; धरण झाले. भात पिकवणारी गावे पाण्याखाली गेली.

हे सारे मी वाचलेले होते. पण कचेरीबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी सहज ‘गाव कोणते?’ असे विचारले, तेव्हा त्यांनी आधी एक नाव सांगितले, थोडे थांबून दुसरे सांगितले. ‘पहिले मूळ गाव. ते धरणात आहे. आजोबांनी देव तेवढा वर आणला.’ त्यांचा जन्म धरणानंतरचा. ते गाव त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. तरी ‘होते’ न म्हणता ते ‘आहे’ म्हणाले.

साहित्याच्या वर्गात आपण ‘प्रादेशिकता’ शिकवतो, तेव्हा बोली, निसर्ग, रूढी यांची यादी करतो. त्या क्रियापदाच्या काळात मावणारा प्रदेश मात्र आपल्या हातून निसटतो. कागदावरून गेलेले गाव जिभेवर वर्तमानकाळात राहते. आणि मी? माझ्या हातातल्या उताऱ्यावर वडिलांचे नाव ठसठशीत होते, पण त्या शेताचे नाव मला सांगता आले नसते.

उतारा घेऊन मी परत निघालो. वाटेत गिऱ्हाइकाचा दूरध्वनी आला. त्याने एकच विचारले, ‘पौड रस्त्यापासून किती आत आहे?’

मी अंतर सांगितले. किंमत मात्र अजून सांगितलेली नाही.