ध्रुवाची दोन बोटं

माझ्या कथेतलं गलबत मालवणहून मुंबईला निघालं आहे. साल १९३५, महिना पौष. पोटात नारळ, सुपारी आणि सुकी मासळी. वर गलबताचा म्होरक्या तांडेल, पाच खलाशी आणि पहिल्यांदाच दर्यावर आलेला एक पोरगा. तांडेलाजवळ जुनं होकायंत्र आहे आणि लांब दोरीला बांधलेलं शिसं. बाकीचं सगळं त्याच्या डोळ्यांत, कानांत आणि पाठांतरात. याखेरीज यंत्राने बोलणारं, दाखवणारं, इशारा देणारं काहीही गलबतावर नाही. हा प्रवास मला खरा हवा आहे. हयात दर्यावर गेलेल्या खारव्याने तो वाचला, तर त्याला त्यात आपलं पाणी ओळखू यावं.

खरेपणाची सुरुवात पंचांगापासून होते. कोकणात भरतीचं गणित तिथीवर चालतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरती पूर्ण होण्याची वेळ हाती येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. बंदराबंदरागणिक थोडा फरक पडतो, पण होडी काढायला एवढा हिशेब पुरतो. म्हणून माझं गलबत पौष शुद्ध अष्टमीला पहाटे निघतं. पाणी भरून नुकतंच परतायला लागलेलं असतं, आणि ओहोटी गलबताला हलकेच बाहेर ओढते. सिंधुदुर्गाभोवती खडकच खडक आहेत. त्यांतून निघायचं तर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत ठेवाव्या लागतात, आणि रेष मोडली की समजायचं, खडक जवळ आला. पोरगा पुढे समुद्राकडे बघत असतो, तांडेल मागे गावाकडे. वाट दाखवणारं गाव पाठीमागे आहे, हे पोराला कळायला वेळ लागतो.

पहाटेच का, याचं दुसरं उत्तर वाऱ्यात आहे. रात्री जमीन निवते आणि तिच्यावरची थंड हवा समुद्राकडे सरकते. हा मतलई वारा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा उलट येतो, आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात तो बहुतेक वायव्येचा असतो. मुंबई उत्तरेला, आणि नेमक्या त्याच अंगाने वारा तोंडावर. वाऱ्याच्या तोंडात शिडाचं कोणतंच जहाज शिरू शकत नाही. तेव्हा पहाटेच्या मतलईवर बाहेर खोल पाण्याकडे, उत्तरेचा कल धरून जायचं, आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर तसाच कल धरून किनाऱ्याकडे यायचं. नकाशावर सरळ दिसणारी पावणेदोनशे सागरी मैलांची वाट पाण्यावर अशी नागमोडी होते. दोन वाऱ्यांच्या मधे एक पोकळी असते. सकाळी उशिरा वारा पडतो, शीड लोंबकळतं, तुळतुळीत पाण्यावर गलबत नुसतं डुलत राहतं. कथालेखकाला हा वेळ वगळावासा वाटतो. मी तो ठेवला आहे, कारण गलबतावरची माणसं एकमेकांशी खरं बोलतात ती याच वेळी.

शीड पलटवायचं असतं तेव्हा या गलबताची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याच्या तोंडातून फिरवत नाहीत. वाऱ्याकडे पाठ करून मोठा वळसा घेतात, आणि शिडाचा तो लांबलचक तिरपा वासा डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगाला नेतात. त्यासाठी सगळ्यांचे हात लागतात, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला मोकळं पाणी लागतं. दुपारच्या वाऱ्यात ती खालची बाजू म्हणजे किनारा. तिकडे खडक असले तर वळसा घ्यायला जागा उरत नाही. तांडेलाची सगळी काळजी या एका जागेसाठी असते.

रात्री ध्रुव. मालवण सोळा अंश अक्षांशावर आहे आणि मुंबई एकोणीसच्या किंचित अलीकडे. आपण जितके अंश उत्तरेला, जवळजवळ तितकेच अंश ध्रुव क्षितिजाच्या वर दिसतो. म्हणजे या सगळ्या प्रवासात तो वाढतो तीन अंशही नाही. हात लांब करून आडवी धरलेली जेमतेम दोन बोटं. एवढी दगदग, एवढं जागरण, आणि आकाशात त्याची नोंद दोन बोटांची! शिवाय ध्रुव तरी कुठे अगदी अढळ आहे? १९३५ साली तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे एक अंश दूर होता. पौषात संध्याकाळी शर्मिष्ठा वर असते तेव्हा तो बिंदूच्या वर असतो, आणि पहाटे सप्तर्षी माथ्याकडे चढलेले असताना बिंदूच्या खाली. रात्रभर उत्तरेला जाऊनही पहाटे ध्रुव खाली उतरलेला दिसतो. म्हणून तांडेल तारा एकटा पाहत नाही, त्याचे शेजारीही पाहतो. मृगाचा बाण थेट पूर्वेला उगवून थेट पश्चिमेला मावळतो, ती त्याची दिशाही आणि घड्याळही.

वेग कळतो लाकडाच्या ढलपीने. नाळेपाशी ती पाण्यात टाकायची आणि मागच्या टोकापर्यंत यायला किती आकडे मोजावे लागतात ते पाहायचं. बारा मीटरच्या गलबताला सहा सेकंद लागले तर ताशी चार सागरी मैलांच्या आसपास. पण मोजणारा जरा घाईने मोजणारा असला तर? ताशी एका मैलाची चूक दहा तासांच्या रात्रीत दहा मैलांची होते, म्हणजे रत्नागिरी ते जयगड या अंतराच्या निम्म्याहून जास्त. ती चूक सापडते शिशाच्या दोरीने. खोली वावांत, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात, मोजतात. शिशाच्या बुडाला चरबी लावली की तळाचा नमुना तिला चिकटून येतो. या किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर बहुतेक चिखल आहे, फार बाहेर गेलं की वाळू. अंधारात तांडेल तो चिखल बोटांत चुरतो, नाकाशी नेतो आणि काहीच बोलत नाही.

चौथ्या दिवशी माझ्या कथेत धुरकट हवा येते. पौषात ती येतेच. एरवी किनारा क्षितिजाखाली गेला तरी सह्याद्रीची उंच रांग दिसत राहते. आज तीही नाही. पोरगा विचारतो, "काका, आपण खंय इलाव?"

कथा लिहिताना मला सर्वांत कठीण गेली ती ही जागा. माझ्या टेबलावर नकाशा आहे आणि त्यावर मीच ठेवलेला ठिपका. गलबत कुठे आहे, खाडीचं तोंड किती मैलांवर आहे, उद्या वारा कुठून सुटणार, हे मला ठाऊक आहे. तांडेलाला यातलं काही ठाऊक नाही. मी नुसतं मनात म्हटलं तरी त्याचा हात सुकाणूवर अचूक वळेल, आणि त्याच क्षणी प्रवास खोटा होईल. समुद्रकथेतला खरेपणा वादळाच्या वर्णनात नसतो, शिडांच्या नावांतही नसतो. त्या माणसाला किती कळत होतं याची मर्यादा लेखकाने पाळण्यात तो असतो. तांडेलाजवळ आहे ती एक समजूत: तीन दिवसांचा वेग, दिशा, चिखल आणि ध्रुव यांची मिळून झालेली. प्रत्येक नव्या खुणेने तो ती तपासतो, थोडी सरकवतो आणि तिच्यावर सात जणांचे जीव ठेवतो. एवढ्या अपुऱ्या माहितीवर एवढी शांत जबाबदारी घेणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर वाटतो.

हे न कळणं दर्यावरही असतं आणि घरीही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा दर्यावर्दी १९६८-६९मध्ये मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहेली' नौकेतून एकटा, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीला वळसा घालून आला. त्याचा रेडिओ वाटेत बंद पडला होता. नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ तो दिसला, त्यानंतर थेट एप्रिलपर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. तो जिवंत होता, आपली जागा सूर्यावरून मोजत होता. घरच्यांजवळ मोजायला काहीच नव्हतं. म्हणून माझ्या कथेत मालवणचं घरही आहे. तिथे तांडेलाच्या बायकोला वाऱ्याचा अंदाज आहे, तिथी ठाऊक आहे. गलबत आज कुठवर गेलं असेल हे तीही मनात पुढे सरकवते आहे. नवऱ्यासारखंच, पण चिखलाच्या पुराव्याशिवाय.

धुरकट संध्याकाळी तांडेल शिसं टाकतो. आठ वाव, खाली चिखल. तो शीड उतरवतो, नांगर टाकतो आणि सकाळची वाट बघतो. माझ्या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग हाच आहे. वाचकाला तो साधा वाटेल अशी भीती मला वाटत नाही. न कळणाऱ्या पाण्यात थांबायचं कधी हे ज्याला उमगलं, तोच अष्टमीला निघालेलं गलबत पौर्णिमेच्या सकाळी चढत्या भरतीबरोबर मुंबई बंदरात आणू शकतो. मी त्याला वाट सांगणार नाही. तो ती शोधेल, आणि मला त्याच्या मागोमाग लिहायचं आहे.