धूर कुठल्या रंगाचा?

इंजिनाला हात लावण्याआधी चाचांनी विचारलं ते एवढंच. मी म्हटलं, "धूरच नाही." "मग बरं," म्हणाले आणि चहा मागवला.

आमच्या बोटीचं तेव्हा विचित्र चाललं होतं. हर्णैहून निघताना इंजिन खणखणीत. सुवर्णदुर्ग मागे पडला, वेग वाढवला, की अर्ध्या तासात दम तुटायचा, कधी बंदच. जरा थांबून सेल्फ मारला की पुन्हा पहिल्यासारखं. मिस्त्री येईपर्यंत बिघाड पळालेला! नारळी पौर्णिमा होऊन आठवडा उलटला होता. संध्याकाळी किनाऱ्यावर इतरांच्या मासळीचा लिलाव व्हायचा आणि आमची बोट एकदा तर दुसऱ्याच्या दोराला बांधून परत आली. फिल्टर दोनदा बदलले, नोझल तपासून आणले. मग कुणीतरी पंपच उतरवा म्हणालं. खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले. त्याच वर्षी मला बोटीवर ठेवायचं की दापोलीत एखाद्या दुकानात चिकटवायचं, हेही ते ठरवत होते.

चाचांचं गणित साधं होतं. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण हवा कमी पडतेय, नाहीतर पंख्यात दोर अडकून ओझं आलंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा-निळा काहीच न दिसता ताकद जाते, म्हणजे इंजिन बहुतेक उपाशी आहे. "उपाश्याला औषध कशाला पाजताय?" हे बाबांना उद्देशून.

आधी त्यांनी टाकीचं झाकण सैल केलं. टाकीत हवा शिरायची नळी तुंबली असती तर फुस्स आवाज आला असता. आला नाही. मग फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहिलं. एखादा जोड सैल असला तर इंजिन डिझेलबरोबर हवाही ओढतं. तेही नव्हतं. शेवटी डिझेलचा कॅन इंजिनाच्या वर बांधला, खेचायची आणि परतीची अशा दोन्ही नळ्या त्यात सोडल्या, हवा काढली आणि आम्ही निघालो. दोन तास पूर्ण वेगात. चाचा एकदाही इंजिनाकडे बघत नव्हते, नुसते ऐकत होते. बंदरात शिरताना म्हणाले, "इंजिन निर्दोष. चोर टाकीत."

टाकी रिकामी करून त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. निघाली वीतभर चिंधी, आईच्या जुन्या लुगड्याची, काठासकट. वेग वाढला की ओढीने ती नळीच्या तोंडावर जाऊन बसायची, इंजिन थांबलं की सुटायची. हळू चालवताना ओढच कमी, म्हणून तिचा पत्ता लागत नव्हता. पावसात बोट आंजर्ल्याच्या खाडीत असताना ती टाकी मीच पुसली होती.

"काय मिळालं?" बाबा वरून ओरडले. तो काठ त्यांनी लांबूनही ओळखला असता.

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चिंधी पिळली आणि हत्यारांच्या पिशवीत कोंबली. "कचरा, नाखवा. टाकीत होतोच."

मजुरी घेतली ती नेहमीचीच. उपकाराचा एक पैसाही कमी केला नाही, हे मला आजही आवडतं. जाताना मला म्हणाले, "उद्या सातला ये." त्या सातच्या हाकेवर मी सहा वर्षं जात राहिलो आणि आज त्याच बंदरावर इंजिनं दुरुस्त करतो. बाबा गेले तोवर त्यांना तो कचरा कसला होता ते कळलं नाही. सांगायचं मी दरवर्षी ठरवत होतो.

पहिल्या सकाळी गेलो तेव्हा चाचांनी हातात पाना दिला नाही. फडक्यांची पिशवी पुढे केली.

"मोजून घे," म्हणाले.