बाण आणि बोट

आमच्या पणजोबांनीं स्वहस्तें लिहिलेली वंशावळ आमच्या घरीं आहे. तींत सात पिढ्यांचे पुरुष आहेत; स्त्री एकही नाहीं. मुली दुसऱ्या घरीं गेल्या म्हणून गळल्या, आणि सुना दुसऱ्या घरून आल्या म्हणून गळल्या. निवृत्त झाल्यावर हा दोष आपण दूर करावा असें माझ्या मनानें घेतलें. भावंडें देशोदेशीं पसरलेलीं. तेव्हां वंशवृक्ष कागदावर न काढतां संगणकाच्या पानावरच उभा करावा, म्हणजे तो सर्वांस घरबसल्या पाहतां येईल, असें ठरविलें, आणि त्यापुरती विद्या पुस्तकांवरून शिकलों.

या विद्येंत 'हॉवर' नांवाची एक गंमत आहे. माऊसचा बाण एखाद्या शब्दावर नेऊन नुसता टेकविला, दाबला नाहीं, तरी त्या शब्दाचा रंग पालटतो, किंवा त्याखालीं दडलेला मजकूर उघडतो. पानांचें रूप ठरविणारी सीएसएस म्हणून जी नियमावली आहे, तिच्या दुसऱ्या आवृत्तींत, १९९८ सालीं, ही सोय आली. मला ती फारच भावली. झाडावर मीं मूळ वंशावळींतील नांवें मांडलीं, आणि गर्दी होऊं नये म्हणून प्रत्येक नांवाखालीं एक चौकट दडविली. बाण आला कीं नांव किंचित् वर उचललें जाई आणि चौकट उघडे. तींत पत्नीचें माहेरचें नांव, मुलींचीं नांवें, त्यांचीं सासरचीं गांवें. हीं नांवें गोळा करण्यांत माझे चार महिने गेले होते.

पान तयार होतांच सर्वांस कळविलें. दुसऱ्याच दिवशीं सांगलीहून आत्याचा फोन आला. तिचें वय शहाऐंशी. पण फोनवर वाचन करण्याची हौस दांडगी.

"झाड सुरेख काढलं आहेस रे. पण त्यावर मी कुठं आहें?"

"आजोबांच्या नांवापाशीं पाहा, आत्या."

"पाहिलं. तिथं त्यांचंच नांव आहे."

वयोमानानें तिला दिसलें नसावें, असें मीं मनाशीं म्हटलें आणि तो विषय सोडून दिला. कारण त्या वेळीं माझी विवंचना निराळीच होती. बाण नांवाच्या खालच्या कडेवर आला कीं तें नांव ताप भरल्यासारखें थरथरूं लागे. आणि चौकट वाचावी म्हणून बाण खालीं नेला, कीं चौकटच नाहींशी होई.

पुण्यांत संगणककारांचें एक मंडळ रविवारीं जमतें. तेथें कोणीही अडचण घेऊन जावें, आणि ज्याला ठाऊक असेल त्यानें ती सोडवावी. मोबदल्याची भाषा नाहीं. एका परिचितानें तेथील रीत मला आधींच सांगितली होती : "सगळं पान नेऊं नका. दोष दिसेल एवढंच ठेवून बाकीचं गाळा." त्याप्रमाणें मीं गाळूं लागलों. गाळतां गाळतां एकच नांव आणि एकच चौकट उरली, आणि थरथरण्याचें कारण माझें मलाच उमगलें. नांव वर उचललें गेलें कीं बाणाखालून निसटे. निसटलें कीं खालीं येई. खालीं आलें कीं पुन्हां बाणाला लागून उचललें जाई. बाण ज्यावर टेकतो तें स्थिर ठेवावें आणि आंतील अक्षरेंच हलवावीं, एवढाच त्यावर उपाय.

चौकटीचें कोडें मात्र सुटलें नव्हतें. मंडळांतील एका पंचविशीच्या मुलीनें तें क्षणांत सोडविलें. नांव आणि चौकट यांच्यामध्यें मीं शोभेसाठीं थोडी फट ठेवली होती. बाण त्या फटींत उतरला कीं तो ना नांवावर असे, ना चौकटीवर. फट बुजविली, आणि चौकट टिकली. मग ती म्हणाली, "अंधूक दिसणाऱ्यांनाही पानं वाचतां यावींत म्हणून जे नियम झाले आहेत, त्यांच्या २०१८ सालच्या आवृत्तींत हेंच सांगितलं आहे, काका, उघडलेल्या मजकुरावर बाण नेला, तर तो मजकूर नाहींसा होऊं नये." मी आभार मानून उठणार, तोंच तिनें सहज विचारलें, "पण काका, फोनवर हें कसं दिसतं?"

मीं फोनवर पान उघडलें. फोनला बाण नसतो. असतें तें बोट, आणि बोटाला टेकणें आणि दाबणें निराळें करतां येत नाहीं. कांहीं फोन पहिल्या स्पर्शासच हॉवर मानून चौकट उघडतात, हें तिनें करून दाखविलें. परंतु येथें कांहीं दडलेलें आहे हें ज्याला ठाऊकच नाहीं, तो स्पर्श तरी कशाला करील? त्या लहानशा पडद्यावर सात पिढ्यांचे पुरुष ओळीनें उभे होते. स्त्री एकही नव्हती. पणजोबांचीच वंशावळ मीं अधिक सुबकपणें पुन्हां लिहिली होती, आणि आत्याच्या डोळ्यांना दोष देऊन मोकळा झालों होतों.

ती मुलगी एवढेंच म्हणाली, "हॉवर शोभेला ठेवा, काका. वाचायलाच हवं तें त्याच्याखालीं ठेवूं नका."

घरीं येऊन मीं चौकटी मोडल्या. प्रत्येक पुरुषाशेजारीं त्याची पत्नी माहेरच्या नांवासह आली. मुलगे आणि मुली वयाच्या क्रमानें एका ओळींत आल्या. झाड पसरट झालें, फांद्यांची गर्दी झाली, पूर्वीची ऐट राहिली नाहीं. बाण टेकला असतां नांवाचा रंग तेवढा आतां पालटतो. पालटला नाहीं तरी कोणाचें अडत नाहीं.

संध्याकाळीं आत्याला फोन करून पान पुन्हां पाहावयास सांगितलें. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं.

"सांपडलें," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "आईसुद्धां आहे रे."