गरम सगळीकडे, गार कुठे?

रिसॉर्टच्या स्पाचं माहितीपत्रक उघडलं की मसाजांची यादी दोन-दोन पानं चालते आणि पुरुषांच्या विभागाला एक ओळ मिळते : ‘सॉना, स्टीम, जकुझी उपलब्ध.’ माझं सगळं काम त्या एका ओळीतलं आहे. हॉटेलांच्या स्पामधला वेट एरिया, म्हणजे पाणी, वाफ आणि उष्णता यांचा भाग, मी आखतो. वाफेच्या खोलीच्या छताला किती उतार द्यायचा, फिल्टर कुठला बसवायचा, दार कुठल्या बाजूला उघडलं पाहिजे, हे ठरवतो. त्यामुळे ओळखीचे लोक सुट्टीला निघाले की विचारतात, अमुक हॉटेलचा स्पा कसा आहे हो? त्यांना मसाजबद्दल ऐकायचं असतं. पण मसाज थेरपिस्टच्या हातात असतो आणि थेरपिस्ट वर्षभरात नोकरी बदलतो. वेट एरिया मात्र एकदा बांधला की तसाच वर्षानुवर्षं राहतो. दोन हॉटेलांची तुलना करायचीच, तर ती त्यावर करावी. आणि तिथेही आधी गार पाणी बघावं.

याचं कारण शरीराच्या कामकाजात आहे. सॉनात हवा 80 ते 90 अंश सेल्सिअस तापलेली, पण कोरडी असते. घाम सुटतो आणि लगेच उडून जातो, म्हणून एवढी उष्णता सोसते. वाफेच्या खोलीत तापमान असतं 43-45 अंशच, पण हवा बाष्पाने पूर्ण भरलेली. घाम उडत नाही, उलट वाफच अंगावर पाणी होऊन आपली उष्णता देऊन जाते. दोन्हीकडे त्वचेकडे रक्त धावतं, रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी वाढते. मग गार पाण्यात उतरलं की त्या आकसतात. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ पडून राहायचं, की शरीर हळूहळू मूळ ठिकाणी येतं. गरम, गार आणि विश्रांती असं हे आवर्तन आहे. त्यातलं नुसतं गरम देऊन थांबलेला स्पा मी अपुरा मानतो, मग त्याच्या भिंतींना कितीही महागडा संगमरवर लावलेला असो.

पुरुषांच्या बाबतीत या विषयावर मोठा अभ्यासही झालेला आहे. फिनलंडमधल्या कुओपिओ परिसरातल्या 2,315 मध्यमवयीन पुरुषांवर संशोधकांनी सरासरी वीस वर्षांहून अधिक काळ नजर ठेवली आणि 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे, त्यामुळे सॉना हे औषध ठरत नाही. शिवाय फिनलंडमध्ये सॉना रोजच्या जगण्याचा भाग आहे, तापलेल्या दगडांवर पाणी ओतल्याशिवाय तो पुरा होत नाही आणि नंतर लोक तळ्यात किंवा बर्फात उतरतात. आपल्याकडच्या कित्येक हॉटेलांत दगडांवर पाणी टाकू नये अशी पाटी असते, आणि सॉना पाहुण्याने मागितल्यावर सुरू करतात. तो नीट तापायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर पाहुण्याच्या मसाजची वेळ झालेली असते.

एकाच रस्त्यावर तुलना करायची तर लास व्हेगाससारखं ठिकाण नाही. तिथल्या स्ट्रिपची लांबी सात किलोमीटरसुद्धा भरत नाही, पण मोठमोठी रिसॉर्ट हॉटेलं तिच्यावर शेजारी-शेजारी उभी आहेत आणि स्पाच्या बाबतीत त्यांची चुरस असते. सीझर्स पॅलेसने 2006 मध्ये ‘क्वा’ हा स्पा उघडला. त्यात स्त्री-पुरुषांना वेगवेगळे विभाग आहेत, रोमन पद्धतीने वेगवेगळ्या तापमानांची तीन कुंडं आहेत, आणि आर्क्टिक रूम नावाची एक खोली आहे. तिथे तापमान 13 अंशांच्या आसपास ठेवतात आणि छतातून हिमाची भुरभूर पडते. नेवाडाच्या वाळवंटात हिम पाडण्याचा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. मला त्यात समज दिसते. बर्फगार पाण्यात बुडी मारायला घाबरणारा माणूसही गार हवेत बसू शकतो, आणि आवर्तन पुरं होतं. व्हेनिशियन हॉटेलमधल्या कॅन्यन रँच या स्पाने 2008 च्या सुमारास वेगळी वाट धरली. तिथला ‘अ‍ॅक्वाव्हाना’ हा जलविभाग मोठा आहे, आणि त्यातला बराच भाग स्त्री-पुरुषांना एकत्र, पोहण्याच्या कपड्यांत वापरायचा. 2021 मध्ये उघडलेल्या रिसॉर्ट्स वर्ल्डमधला ‘अवाना’ही त्याच वाटेवर आहे.

एकत्र विभागांना माझा विरोध नाही, जोडीने आलेल्यांना ते आवडतात. पण त्यापायी पुरुषांचा स्वतंत्र भाग आक्रसत चालला आहे, हे मला मान्य नाही. एरवी चारचौघांत पोट आत ओढून बसणारा माणूस वेगळ्या विभागात मोकळा बसतो. ओल्या कपड्यांत सॉना घेणं अंगालाही बरं नाही. भारतात तर अनेक आराखड्यांत पुरुषांचा वेट एरिया जिमच्या लॉकर रूमला जोडून टाकलेला असतो. पुरुष जिमला येतात, स्पाला बायका येतात, हे गृहीत धरून नकाशा काढलेला असतो. मग विश्रांतीच्या खुर्च्या बायकांच्या बाजूला, आणि पुरुषांच्या बाजूला केस वाळवायचं यंत्र आणि एक बाक.

जपानने यावर फार सुंदर तोडगा काढला आहे. तिथल्या अनेक ऱ्योकानांमध्ये, म्हणजे पारंपरिक सरायांमध्ये, दोन मोठी स्नानगृहं असतात, एकातून डोंगर दिसतो, दुसऱ्यात बाग. रात्री किंवा पहाटे दारावरचे पडदे बदलतात. काल जे पुरुषांचं होतं ते आज बायकांचं होतं, आणि दोघांनाही दोन्ही मिळतं. शहरी हॉटेलांत मात्र उलटं पक्षपाती चित्र दिसतं, पुरुषांकडे कडक तापलेला कोरडा सॉना आणि बायकांकडे सौम्य वाफ. पण गार कुंड आणि त्याबाहेर पडून राहायला खुर्च्या, यांची तिथे कदर आहे. सॉना आणि गार कुंड यांची तापमानं अनेक ठिकाणी भिंतीवर लिहिलेली असतात. पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंग स्वच्छ धुतलंच पाहिजे, हा दंडकही कुणाला सांगावा लागत नाही.

आपल्याकडे गार कुंड का नसतं? मुंबईत किंवा गोव्यात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तीस अंशांच्या पुढे असतं. ते 12-15 अंशांवर आणायला चिलर लागतो, तो दिवसभर चालवावा लागतो, पाइपांना आवरण घालावं लागतं, विजेचं बिल येतं. प्रकल्पाचा खर्च कापायला बसलं की पहिली फुली चिलरवर पडते. कुंड तेवढं राहतं, आणि त्यात साधं नळाचं पाणी. तापून आलेला माणूस त्यात उतरतो, त्याला काही होत नाही, आणि हा प्रकार आपल्या उपयोगाचा नाही असं समजून तो पुन्हा जात नाही. नरेंद्रनगरच्या ‘आनंदा’ या स्पा रिसॉर्टने 2000 मध्येच गार कुंडं आणि क्नाइप पद्धतीची, म्हणजे आलटून-पालटून गरम आणि गार पाण्याची पादस्नानं केली, तेव्हा भारतात हे जमत नाही असं म्हणता येत नाही. आणि गार पाण्याचं महत्त्व महाराष्ट्राला तर जुनंच ठाऊक आहे. महात्मा गांधींनी 1946 मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. गांधींवर प्रभाव होता जर्मन उपचारक लुई कुने यांच्या पद्धतीचा, आणि त्यात गार पाण्यातलं कटिस्नान हा मुख्य उपचार. त्याला लागतो साधा टब.

पाण्याच्या शुद्धतेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे नुसत्या सुखाचा प्रश्न उरत नाही. जकुझीचं पाणी 38-40 अंशांचं असतं. लेजिओनेला हा जिवाणू साधारण 25 ते 45 अंशांत वाढतो. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, आणि बुडबुड्यांतून पाण्याचे सूक्ष्म थेंब श्वासात जातात. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्सपेल गावी फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या हॉट टबमधून हा जिवाणू पसरला आणि तीसहून अधिक माणसं दगावली. त्यातली बहुतेक माणसं टबात उतरलीसुद्धा नव्हती, नुसती जवळून गेली होती. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीप्रमाणे अशा टबात मुक्त क्लोरीन दर दहा लाख भागांत किमान 3 भाग असावं आणि सामू 7.0 ते 7.8 दरम्यान. ही तपासणी दिवसातून अनेकदा व्हायला हवी आणि तिची वही असायला हवी. पाणी नितळ दिसतं म्हणून ते स्वच्छ असतं असं नाही. टबाच्या कडेला पाण्याच्या रेषेवर हात फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर उतरू नका.

वाफेच्या खोलीत छताकडे बघा. ते सपाट असेल तर साठलेलं गरम पाणी डोक्यावर टपकतं. उतार दिलेला असेल तर ते भिंतीवरून ओघळून जातं. दार बाहेर उघडणारं हवं, आणि त्याला आतून-बाहेरून कडी नसावी. चक्कर आलेल्या माणसाला ते नुसतं ढकलून बाहेर येता आलं पाहिजे.

थेरपिस्टचा प्रश्नही पुरुषांच्या बाजूने निराळा आहे. केरळच्या आयुर्वेदिक परंपरेत पुरुषांना पुरुषच मसाज करतात, आणि दिल्ली सरकारने 2021 मध्ये काढलेल्या नियमावलीत स्त्री-पुरुषांच्या परस्पर मसाजला मनाई केली होती. पाहुण्यांत पुरुष निम्मे आणि पुरुष थेरपिस्ट एक-दोनच असतील, तर वेळ मिळत नाही. त्यामुळे बुकिंग आधी करावं.

हृदयविकार, रक्तदाबाची औषधं, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गार कुंडात उडी नको. मद्य घेऊन सॉनात अजिबात जाऊ नये. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करत असलेल्या पुरुषांनी रोज गरम पाण्यात तासन्तास बसू नये, त्याने शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटते. आणि स्टीमच्या आधी दाढी करू नका, नंतर करा.

या सुट्टीत कुठे जाणार असाल तर फोनवर मसाजचे दर विचारण्याआधी पुरुषांच्या विभागाबद्दल विचारा. गार कुंडाचं तापमान किती अंश? सॉना किती वाजता तापवून ठेवता? जकुझीचं पाणी आज किती वेळा तपासलं? बाहेर आल्यावर पडून राहायला जागा आहे का? उत्तरं आकड्यांत आली तर निश्चिंतपणे पैसे भरा. ‘सर्व सुविधा उपलब्ध’ एवढंच ऐकू आलं, तर दुसऱ्या हॉटेलला फोन लावा.