जमेची वायर

आमच्या घराण्यात दुरुस्तीसाठी माणूस बोलावणं हा कमीपणा समजतात. माझ्या वडिलांनी इस्त्री, मिक्सर, रेडिओ आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या दाराचं कुलूप घरच्या घरी उघडलं. बंद करायला पुष्कळदा माणूस बोलवावा लागे, ते सोडा.

तेव्हा चिरंजीव एका रविवारी म्हणाले, "बाबा, गिटारीचा एक पिकअप बदलायचाय. माणूस दीड हजार मागतोय." मी पेपर खाली ठेवून म्हणालो, "चार वायरी जोडायचे दीड हजार? मी जोडतो!"

हे बोलताना पिकअप म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय वायरी पाच निघाल्या.

पण वाचकहो, माझी बाजूही ऐकून घ्या. चिरंजीव बारावीत आहेत. गेलं वर्षभर ते माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'चार्जर कुठाय' एवढंच बोलतात. हे वाक्य त्यांनी कर्ता-कर्म-क्रियापदासकट उच्चारलं होतं. दीड हजार रुपयांसाठी ते दुसऱ्या कुणाच्या हवाली करणं माझ्या जिवावर आलं.

मी बी.कॉम. विज्ञानाशी माझे संबंध दहावीतच दुरावले. त्यामुळे पहिले दोन दिवस मुलगा मास्तर आणि बाप विद्यार्थी असा मामला झाला. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारीची पोलादी तार त्याच्यासमोर थरथरली, की वेढ्यांत इवलीशी वीज उपजते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. हा फॅरेडेचा १८३१ सालचा शोध. दहावीत मी तो पाठ केला होता, तो उपयोगी पडायला तीस वर्षं लागली.

गंमत पुढेच आहे. ही तार घरातल्या पन्नास हर्ट्‌झच्या विजेची घरघरही इमानानं गोळा करते. ट्यूबलाइट, फ्रिज, सगळ्यांची. त्यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरनं तोड काढली आणि १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्यानं एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली. एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट, आणि चुंबकाची टोकंही उलट. घरघर एकीकडे जमा पडते, दुसरीकडे नावे पडते. बाकी शून्य! सुराची मात्र दोन उलट मिळून सुलट होतात, म्हणून तो दोन्हीकडे जमाच. याला हमबकर म्हणतात. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. आमच्या शाखेत दिवसाचा हिशेब जुळायला साडेसहा वाजतात. आणि इथे एक माणूस तांब्याच्या तारेनं तो कायमचा जुळवून मोकळा झाला होता.

सोल्डरिंग आयर्न मी लॅमिंग्टन रोडवरून आणलं, पंचवीस वॅटचं. डोंबिवलीच्या गर्दीच्या गाडीत ते छातीशी धरून उभा होतो. शनिवारी, म्हणजे बँकेच्या सुट्टीच्या शनिवारी, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून गिटार पालथी निजवली. सौ.नी दारातूनच विचारलं, "शॉक बसेल का?" गिटारीत घरची वीज नसतेच, हे मी आठवड्यापूर्वीच शिकल्याच्या रुबाबात सांगितलं.

आवाजाच्या बटणाखाली एक धातूची डबी असते, तिला पॉट म्हणतात. सगळ्यांची अर्थिंग तिच्या पाठीवर चिकटवायची. पण ती पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते. माझं सोल्डर चिकटेना, मोत्यासारखं गोल होऊन घरंगळे. राळेचा धूर मात्र भरपूर झाला. आतून आईनं विचारलं, "आज कसली पूजा?"

आता वायरी. जुन्या पिकअपला एक वायर आणि भोवती जाळी होती. नव्याला लाल, पांढरी, काळी, हिरवी आणि एक उघडी. प्रत्येक कंपनीची रंगांची भाषा निराळी, आणि आमच्याकडचा नकाशा निघाला दुसऱ्या कंपनीचा. त्याप्रमाणे जोडलं तर अर्धाच पिकअप जिवंत झाला आणि घरघर दणक्यात. मग चिरंजीवांनी बरोबर नकाशा शोधला. लाल आणि पांढरी एकमेकींना बांधायची, उघडी अर्थिंगला. एवढं वाचलं आणि नेमकी वीज गेली, त्यांच्या फोनचाही जीव गेला. उरल्या काळी आणि हिरवी. जमेची कोणती? मी रोज लोकलनं जाणारा माणूस. हिरवा म्हणजे चालू! वीज आल्यावर हिरवी जमेला लावली, काळी अर्थिंगला.

स्क्रूड्रायव्हरनं पिकअपवर टक टक केलं, स्पीकरमधून टक टक आलं. तारा चढवल्या. खटका वर केला, नवा पिकअप गोड वाजला. खाली केला, जुना खणखणीत वाजला. मध्ये ठेवला, म्हणजे दोघं एकत्र. आणि गिटारीला सर्दी झाली. पातळ, नाकातला आवाज.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे रेडिओवाले आहेत, हल्ली मिक्सर दुरुस्त करतात. त्यांनी जुना काट्याचा मीटर काढला, एका पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवून उचलला. काटा उजवीकडे हलला. दुसऱ्यावर तेच केलं. काटा डावीकडे!

"हे दोघं एकमेकांना खातायत. एकाच्या वायरी उलटा, पाच मिनिटांचं काम."

म्हणजे मी सूरच नावे टाकला होता. बी.कॉम. माणसानं!

घरी येऊन आयर्न तापत ठेवलं. चिरंजीव म्हणाले, "राहू दे बाबा, मस्त वाजतंय." आणि सांगू लागले. पीटर ग्रीन नावाचा इंग्रज गिटारवाला होता, फ्लीटवुड मॅक बँडचा. त्याच्या १९५९ सालच्या गिटारीत एका पिकअपचा चुंबक उलटा होता, आणि तोच नाकातला आवाज जगप्रसिद्ध झाला. ती गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली, २०१४ साली मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटनं घेतली. सलग दहा मिनिटं बोलत होता. मी मोजली.

रात्री मी पडताळून पाहिलं. खरं होतं सगळं. तरी मनात किडा वळवळतच राहिला. कारण माझ्या वडिलांनी दुरुस्त केलेल्या रेडिओवर फक्त मुंबई ब लागायचं, आणि मला तेच केंद्र आवडतं असं मी त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो.

गुरुवारी बँकेतून आलो तर त्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याला ठाऊक नव्हतं मी आलोय ते. आत गिटार चालू होती. खटका कुठे आहे हे आता मला कानानं कळतं. तो मध्यावर होता.

"गिटारीला अजून सर्दीच आहे का हो?" सौ. चहा ठेवत म्हणाली.

"हळू बोल," मी म्हणालो आणि चपला हातात घेऊन दाराशी उभा राहिलो.