स्वस्त पेनड्राइव्ह आणि आईच्या ओव्या

गेली पंचवीस-तीस वर्षे मी शेतकरी बंधूंना एक गोष्ट सांगत आलो आहे. भाताचे बियाणे घरचे असो की दुकानातले, पेरण्यापूर्वी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि किती उगवतात ते पाहावे. ८० च्या खाली उगवले तर त्या बियाण्याचा तरवा पेरू नये. लोकांना हे सांगणारा मी स्वतः मात्र एका बोटभर वस्तूच्या बाबतीत फसलो. ती वस्तू म्हणजे पेनड्राइव्ह.

आमची आई जात्यावर बसली की ओव्या म्हणे. तिच्या अखेरच्या वर्षी मी त्यांतल्या अठरा ओव्या मोबाईलवर टिपून घेतल्या. पुढे मोबाईल भरला, म्हणून बाजारातून ३०० रुपयांत ‘२ टीबी’ लिहिलेला पेनड्राइव्ह आणला. आधी ओव्या ठेवल्या, मग भाचीच्या लग्नाचे फोटो, मग बागेचे. मोबाईलमधले पुसून टाकले. आईच्या वर्षश्राद्धाला सावर्ड्याच्या घरी सगळी जमली, तेव्हा तो टीव्हीला लावला. अठराही नावे ओळीने दिसली, पण एकही ओवी वाजेना.

ओळखीच्या संगणकवाल्या मुलाने खुलासा केला. २ टीबी म्हणजे सुमारे २,००० जीबी. आत जागा होती जेमतेम ८ जीबी, पण खोटा आकडा दाखवण्याची सोय करून ठेवलेली. खरी जागा संपली की नवे जुन्यावर लिहिले जाते किंवा हवेत विरते. नाव तेवढे राहते. म्हणजे पिशवीवर वाणाचे नाव आणि आत पोचट दाणे!

मी मान खाली घालून बसलो. तेवढ्यात गुहागरची बहीण म्हणाली, “दादा, एक ओवी तू मला पाठवली होतीस. ती माझ्या मोबाईलात आहे.” अठरांतली तेवढी एक वाचली.

त्यानंतर मी नीट चौकशी करून तीन पेनड्राइव्ह घेतले, तिन्ही ३२ जीबीचे, बिलासह. पहिला साधा, यूएसबी २.० चा. सर्वांत स्वस्त, पण संथ. ४ जीबीचा मजकूर भरायला दहा मिनिटे लागली. कागदपत्रे आणि फोटो ठेवायला तो पुरतो. दुसरा यूएसबी ३.० चा. संगणकाचे तोंडही त्याच जातीचे असेल तर तो बराच वेगवान, नाहीतर जास्तीचे पैसे वाया. तिसरा दोन तोंडांचा. एक संगणकात बसते, दुसरे थेट मोबाईलात. ज्या घरी संगणक नाही त्यांनी हाच घ्यावा, असे माझे मत. मात्र आपल्या मोबाईलला तो चालतो का, हे दुकानातच लावून पाहावे.

आता उगवण-चाचणी. नवा पेनड्राइव्ह आधी बिनमहत्त्वाच्या मजकुराने काठोकाठ भरावा, काढून पुन्हा लावावा आणि पहिले, मधले, शेवटचे उघडून पाहावे. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट प्रोग्रॅम संगणकावर हेच काम करतो : जागा भरतो आणि परत वाचून ताळा घेतो. चालू असताना पेनड्राइव्ह ओढून काढू नये.

एवढे करूनही एकाच पेनड्राइव्हवर विसंबू नये. तो आज ना उद्या बिघडतो, हरवतो, भिजतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा कपाटातली कागदपत्रेही गेली. म्हणून जपायच्या गोष्टीच्या दोन प्रती दोन घरी असाव्यात.

आमच्या घरची एक प्रत आता गुहागरला असते. तीत आईची एकच ओवी आहे. तुमच्या घरी ओव्या म्हणणारी कोणी असेल, तर आजच टिपून घ्या आणि उद्या एक प्रत लेकीच्या घरी पाठवा.