खटक्याचा चाकू

हरिश्चंद्रगडाची आमची चढाई सुरू झाली ती पुण्यातल्या एका दुकानात. रानात उपयोगी पडेल असा, अनेक हत्यारांचा घडीचा चाकू घ्यायचा होता. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, पाते उघडल्यावर खटका बसतो का, तेवढे पाहा." पण मी पडलो मराठीचा प्राध्यापक, मला संख्येचा मोह! सतरा हत्यारांचा आणि निम्म्या किमतीचा एक चाकू मी पसंत केला. त्यात बूच काढायचा मळसूत्री काटासुद्धा होता. १८९७ साली स्वित्झर्लंडमध्ये 'अधिकाऱ्यांचा चाकू' निघाला, त्यात हा काटा होता; तेव्हापासून तो परंपरेने चालत आला आहे. आमच्या घरी बुचाची बाटली म्हणजे काय ती एरंडेलाची!

पाचनईकडून गड तसा सोपा. कड्याच्या पोटाखालून वाट जाते, मग ओढा लागतो, आणि ओढ्याच्या काठाने देवळापाशी येऊन पोचतो. जवळच केदारेश्वराची गुहा. गार पाण्यात भले मोठे शिवलिंग आणि भोवतालच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. तो पडला की जग बुडणार, असे लोक म्हणतात. मी त्या खांबाकडे जरा अदबीनेच पाहिले.

संध्याकाळी कोकणकड्यावर गेलो. कडा आत वळलेला. काठाशी पालथे पडून पाहिले तरी त्याचा पायथा दिसत नाही. खाली कोकण निळसर होत चालले होते. तिथून मुक्कामी परतल्यावर ताडपत्रीसाठी मी खुंटी तासायला बसलो. पात्याचे टोक लाकडात रुतले, मी जोर केला, आणि बिनखटक्याचे पाते उलटे मिटून माझ्या तर्जनीवर आले.

चिरंजीवांनी बोट घट्ट दाबून धरले, हात वर करायला लावला, रक्त थांबल्यावर पट्टी बांधली. "मी सांगितले होते," हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. उच्चारले असते तर बरे वाटले असते. पिठले-भाकरी देणारा गडावरचा माणूस मात्र चाकू उलटसुलट करून म्हणाला, "सर, काठीला कोयता लागतो. ह्यानं पेरू कापा."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पिशव्या चिरंजीवांच्या पाठीवर आणि मी हात छातीशी धरून मागे. अर्ध्या वाटेवर माझ्या बुटाचा तळ सुटला. तो तारेने आवळायला पकड हवी होती. सतरांत तेवढीच नव्हती.

पकडीचा चाकू टिम लेदरमन या अमेरिकन गृहस्थाला सुचला तो १९७५ साली, युरोपात जुन्या मोटारीशी झटापट करताना. बाजारात यायला मात्र १९८३ उजाडले. हे चिरंजीवांनी मला उतरताना सांगितले. सुतळीने बांधलेला बूट फटफटत होता, त्यामुळे व्याख्यान मी निमूटपणे ऐकले.

पुढच्या महिन्यात त्यांनीच चाकू निवडला. आठच हत्यारे, मध्ये पकड, पात्याला खटका, वजन पाव किलोच्या आत. तो त्यांच्याच खिशात असतो. मला पेन्सिलीला टोक करायचे झाले तर मागून घ्यावा लागतो.